वासाचे वावडे किती जणांना?



बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे दिवाळीच्या सुट्टीत दारेखिडक्यांना तैलरंग दिला होता. शाळा उघडली तेव्हा रंग वाळला होता, पण वास गेला नव्हता. पहिल्या तासाला मुलांनी नाके मुरडली आणि दुसऱ्या तासापर्यंत ती वास विसरूनही गेली. भूगोलाच्या बाई मात्र वर्गात गेल्या की पाच-दहा मिनिटांत कपाळ धरून बाहेर येत. त्यांचे डोके ठणके, घसा खवखवे, पोटात ढवळू लागे. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. "बाईंना सुट्टी पुरली नाही वाटतं!" असे कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. विज्ञानाचा शिक्षक असूनही मी त्या हसण्यात सामील झालो.

खरे म्हणजे विज्ञानाच्या शिक्षकाने हसण्याऐवजी दोन प्रश्न विचारायला हवे होते. रोजच्या वापरातील रसायनांचा आणि वासांचा असा त्रास होणारी माणसे किती असतात? आणि त्यांना तो का होतो? आज आपण याच दोन प्रश्नांचा विचार करू. पहिला प्रश्न नुसता मोजणीचा, म्हणून सोपा वाटतो. पण तो फार शिकवून जाणारा आहे, हे तुम्हाला लवकरच दिसेल.

एक पाहणी : ४,०४६ माणसे

१९९५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य खात्याने प्रौढ नागरिकांची टेलिफोनवरून एक पाहणी केली. आरोग्याविषयीच्या इतर प्रश्नांबरोबर त्या वर्षी काही वेगळे प्रश्न विचारले गेले. रोजच्या वापरातील रसायनांची तुम्हाला ॲलर्जी आहे का, किंवा इतरांपेक्षा त्यांचा त्रास तुम्हाला जास्त होतो का? 'तुम्हाला अनेक रसायनांचे वावडे आहे' असे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का? रोजची रसायने म्हणजे अत्तरे, रंग, फरशी पुसण्याची औषधे, कीटकनाशके, नवे गालिचे, वाहनांचा धूर अशा गोष्टी.

एकूण ४,०४६ जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ६४३ जणांनी पहिल्या प्रश्नाला 'होय' म्हटले आणि २५३ जणांनी दुसऱ्या. वही-पेन्सिल घेऊन हा भागाकार तुम्ही स्वतःच करा. पहिल्याचे उत्तर शेकडा १५.९ येईल आणि दुसऱ्याचे शेकडा ६.३. म्हणजे दर सहा प्रौढांमागे साधारण एक जण 'मला त्रास होतो' असे म्हणत होता आणि दर सोळांमागे एक जण 'डॉक्टरांनीही तसे सांगितले आहे' असे म्हणत होता.

चार हजार माणसांना विचारून कोट्यवधी लोकांच्या राज्याविषयी बोलता येते का, अशी शंका तुमच्या मनात येईल. भाताचे एक शीत चाचपून आपण सगळा भात शिजला की नाही हे ठरवतोच ना? मात्र भात नीट ढवळलेला हवा. पाहणीत माणसे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, आवडनिवड न करता घेतली, तर नमुना 'ढवळलेला' होतो. मग ४,०४६ जणांच्या नमुन्यात केवळ योगायोगाने होणारी चूक शेकडा १ च्या आसपासच राहते. तेव्हा नमुना लहान होता म्हणून हा आकडा झटकून टाकता येत नाही.

या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. शिक्षण कमी असो वा जास्त, मिळकत थोडी असो वा भरपूर, माणूस राज्याच्या या भागातला असो वा त्या, 'होय' म्हणणाऱ्यांचे प्रमाण फारसे बदलत नव्हते. फक्त, आपल्याला त्रास होतो असे सांगणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते. असे सगळीकडे सारखे प्रमाण का आढळावे? संशोधकांनी दोन शक्यता सांगितल्या. एक तर ही शरीराचीच काही प्रतिक्रिया असेल, किंवा रसायनांविषयीची धास्ती समाजाच्या सर्व थरांत सारखीच पसरलेली असेल. या दोन्हींपैकी कोणती खरी हे नुसत्या मोजणीवरून ठरवता येत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडले. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपण पुढे तिच्याकडे परत येणार आहोत.

चाळणीची भोके

आता इतर काही पाहण्या पाहू.

स्वीडनमधील स्कोव्हदे या गावी १,३८७ प्रौढांची पाहणी झाली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. तेथे शेकडा ३३ जणांनी वास सोसत नसल्याचे सांगितले. अमेरिकेतील अटलांटा शहर आणि परिसरात १,५८२ जणांना विचारले, तेव्हा शेकडा १२.६ जण 'होय' म्हणाले. ही पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. २०१६ साली अमेरिकेतच १,१३७ प्रौढांना संगणकावरून प्रश्न पाठवले गेले. त्यात शेकडा २५.९ जणांनी रसायनांचा त्रास होत असल्याचे सांगितले.

३३, १२.६, १५.९, २५.९! यातला खरा आकडा कोणता?

घरी गहू चाळताना तुम्ही पाहिले असेल. एकाच पोत्यातले गहू मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळले तर भरपूर खाली पडतात, बारीक भोकांच्या चाळणीतून थोडेच पडतात. गहू तेच असतात, चाळणी बदललेली असते. पाहणीतला प्रश्न ही अशीच चाळणी आहे. 'तुम्हाला कोणता वास त्रासदायक वाटतो का?' हे मोठे भोक. 'वासामुळे तुम्ही आजारी पडता का?' हे त्याहून लहान. 'डॉक्टरांनी निदान केले आहे का?' हे आणखी लहान.

डेन्मार्कमधील एका पाहणीत तर एकाच वेळी तीन चाळण्या वापरल्या गेल्या. १८ ते ६९ वर्षे वयाच्या ६,००० जणांना प्रश्नावली पाठवली आणि ४,२४२ जणांकडून ती भरून आली. हवेतील रसायनांच्या वासाने आपल्याला काही ना काही त्रास होतो असे १,१३४ जणांनी, म्हणजे शेकडा २७ जणांनी लिहिले. त्रास देणाऱ्या गोष्टींत सुगंधी वस्तू आणि सफाईची औषधे पुढे होती. पण त्या त्रासापायी लोकांत मिसळणे किंवा नोकरीचे काम यांपैकी कशात तरी बदल करावा लागलेले फक्त १४० जण निघाले, म्हणजे शेकडा ३.३. आणि दोन्हींत बदल करावा लागलेले? शेकडा अवघा ०.५, म्हणजे दोनशेंत एक!

तेव्हा 'किती जणांना त्रास होतो?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. थोडाफार त्रास होणारे पुष्कळ आहेत, दर चार-सहा जणांत एक. आयुष्य अडवणारा त्रास होणारे थोडे आहेत. पण ते शून्य नाहीत. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत.

आणखी एक सापळा पाहा. अमेरिकेत १९९५ साली १५.९ आणि २०१६ साली २५.९, म्हणजे एकवीस वर्षांत त्रास दीडपटीहून अधिक वाढला, असे म्हणावे का? घाई करू नका. पहिला आकडा एका राज्याचा आहे, दुसरा सबंध देशाचा. एका वेळी टेलिफोन होता, दुसऱ्या वेळी संगणक. प्रश्नांचे शब्दही वेगळे होते. वाढ झालीही असेल, पण दोन वेगळ्या चाळण्यांतून पडलेले गहू मोजून पीक वाढले असे म्हणता येत नाही. तसेच यांतला एकही आकडा उचलून 'महाराष्ट्रातही इतकेच' असे म्हणता येणार नाही. तेथले आकडे तेथल्या माणसांचे आणि तेथल्या घरांतील हवेचे आहेत.

नाकातील दोन वाटा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वासाचा त्रास होतो म्हणजे शरीरात काय होते?

वास घेण्यासाठी नाकात वरच्या बाजूला एक खास अस्तर असते. त्यातील पेशींवर गंधाचे रेणू ओळखणारी ग्राही प्रथिने असतात. माणसात अशी सुमारे ४०० प्रकारची ग्राही प्रथिने आहेत. त्यांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली आणि त्याबद्दल त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही जनुके सर्वांची तंतोतंत सारखी नसतात. म्हणूनच एकाला जो वास तीव्र वाटतो, तो दुसऱ्याला जेमतेम येतो.

पण नाकात दुसरीही एक वाट आहे. चेहरा, डोळे, नाक आणि तोंड यांच्याकडून वेदना, जळजळ, थंडावा यांच्या वार्ता मेंदूला पोहोचवणारा एक मोठा मज्जातंतू असतो. त्याच्या तीन मुख्य शाखा आहेत, म्हणून त्याला त्रिशाखी मज्जातंतू म्हणू. गुलाबाचा सुवास पहिल्या वाटेने जातो. अमोनियाचा झोंबरेपणा दुसऱ्या वाटेने जातो. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारी वाटही हीच.

या दुसऱ्या वाटेचा अनुभव तुमच्या स्वयंपाकघरात नेहमी येतो. आईने सुक्या मिरच्यांची फोडणी दिली की सबंध घराला ठसका लागतो. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांवरील एका ग्राहीला चिकटते आणि मेंदूला वाटते, भाजले! हा ग्राही १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी शोधला. २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

मात्र तुमच्या घरीही पाहा. फोडणीच्या ठसक्याने आजोबा खोकून खोकून बेजार होतात, आणि आई शेजारी उभी राहून शांतपणे परतत असते. याचाच उपयोग स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी करून घेतला. वासांचा त्रास होणाऱ्या काही माणसांना त्यांनी कॅप्सेसिनचा अगदी सौम्य फवारा हुंगवला आणि खोकल्या मोजल्या. इतर निरोगी माणसांपेक्षा ही माणसे अधिक खोकली. म्हणजे निदान काही जणांच्या बाबतीत दुसऱ्या वाटेवरचा पहारेकरी अधिक जागरूक असतो.

बिब्बा, मिरची आणि नाव नसलेला आजार

'ॲलर्जी' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. वैद्यकात त्याला नेमका अर्थ आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध उठते, तिला ॲलर्जी म्हणतात. आपल्याकडचे जुने उदाहरण बिब्ब्याचे. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की पुष्कळांची कातडी लाल होते, फोड येतात. बिब्बा 'उतला' असे आपण म्हणतो. काही जणांना मात्र काहीच होत नाही. तेल तेच, पण कोणाच्या यंत्रणेने त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवले आहे आणि कोणाच्या नाही. कृत्रिम दागिन्यांतील निकेल किंवा काही सुगंधी द्रव्ये यांनी कातडीला होणारा त्रासही याच जातीचा असतो. त्वचेवर पट्टी लावून त्याची परीक्षा करता येते.

मिरचीचा ठसका ही ॲलर्जी नव्हे. तो क्षोभ आहे, मज्जातंतूंना झालेली चिथावणी आहे. दमा असलेल्या माणसाला उदबत्तीच्या धुराने धाप लागते किंवा अर्धशिशीच्या रुग्णाचे डोके अत्तराच्या वासाने उठते, तेव्हाही मूळ आजार माहीत असतो आणि वास त्याला फक्त डिवचतो.

पण काही माणसे यांपैकी कोणत्याच कप्प्यात बसत नाहीत. त्यांना एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक रसायनांचा, आणि तोही इतरांना जाणवणार नाही इतक्या अल्प प्रमाणात, त्रास होतो. शिकागोचे डॉक्टर थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५० नंतरच्या काळात अशा रुग्णांकडे लक्ष वेधले. १९८७ साली मार्क कलेन यांनी या स्थितीचे वर्णन करून तिला 'अनेक रसायनांविषयीची संवेदनशीलता' अशा अर्थाचे नाव दिले. १९९६ साली बर्लिनला तज्ज्ञांची एक बैठक भरली. तिने सुचवलेल्या नावाचा अर्थ होतो, 'कारण न उमगलेले, परिसराविषयीचे असह्यत्व'. आजाराच्या नावातच 'कारण न उमगलेले' असे शब्द घालावे लागले, यावरून प्रश्न किती अवघड आहे ते कळते. ही स्थिती निश्चितपणे दाखवून देणारी रक्ताची परीक्षा किंवा क्ष-किरणचित्र नाही. म्हणून तर पाहण्यांत माणसांच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागते.

पाण्याला आलेला वास

आता थोडे बाजूला जाऊन एक जुना प्रयोग पाहू. अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठात एडविन स्लॉसन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. भर वर्गात त्यांनी एक बाटली उघडली आणि तिच्यातील द्रव कापसावर ओतला. ओतताना स्वतःचे तोंड दुसरीकडे फिरवले. विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितले, "या द्रवाचा वास हवेत किती वेगाने पसरतो हे मला पाहायचे आहे. वास आला की हात वर करा." पंधरा सेकंदांत पुढच्या रांगांतील बहुतेकांचे हात वर झाले. चाळीस सेकंदांत वासाची 'लाट' मागच्या रांगांपर्यंत पोहोचली. वर्गातील सुमारे तीन चतुर्थांश मुलांना वास आला. पुढच्या रांगेतील काही जणांना तर इतके अस्वस्थ वाटू लागले की ते उठून जाण्याच्या बेतात होते, म्हणून प्रयोग थांबवावा लागला.

बाटलीत होते निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी! हा प्रयोग १८९९ साली प्रसिद्ध झाला.

यापुढची पायरी बेल्जियममधील लूव्हेन येथील संशोधकांनी १९९० नंतर गाठली. त्यांनी काही माणसांना एक उग्र वास दिला आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवलेली हवा हुंगवली. अशा हवेने धाप लागते, छाती भरून येते. असे काही वेळा केल्यावर नुसताच वास दिला, हवा नेहमीची ठेवली. तरीही अनेकांना त्याच तक्रारी जाणवल्या आणि श्वासाची गतीही बदलली. पाव्हलॉव्हचा कुत्रा तुम्हाला माहीत आहे. जेवणाबरोबर ठराविक आवाज ऐकण्याची सवय झाल्यावर नुसत्या आवाजानेही त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. हे तसेच झाले.

फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेत पॅमेला डाल्टन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एकच वास त्यांनी तीन गटांना दिला. एका गटाला तो नैसर्गिक अर्काचा म्हणून सांगितला, दुसऱ्याला औद्योगिक रसायनाचा म्हणून, तिसऱ्याला त्याविषयी बरेवाईट काहीच सांगितले नाही. नैसर्गिक समजणारे लोक थोड्या वेळात वासाला सरावले. हानिकारक समजणाऱ्यांना तो सरावलाच नाही. रंगाचा वास दुसऱ्या तासापर्यंत विसरणारी आमची मुले येथे आठवतात ना?

मग खुद्द रुग्णांवर कसोटी घेतली तर? तशाही घेतल्या गेल्या. २००६ साली काही संशोधकांनी अशा ३७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत वावड्याची तक्रार असलेल्या ७८४ जणांची परीक्षा झाली होती. त्यांना कधी खरे रसायन दिले होते, कधी बनावट हवा. निष्कर्ष असा निघाला की या माणसांना प्रतिक्रिया येते, पण बहुतेक वेळा खरे कोणते आणि बनावट कोणते हे त्यांना ओळखता येत असेल तेव्हाच. वास झाकून टाकला की फरक बहुधा दिसेनासा होतो. म्हणजे केवळ त्या रसायनाच्या विषारीपणाने सगळा उलगडा होत नाही. पूर्वीचा अनुभव, अपेक्षा आणि भीती यांचाही त्यात वाटा असावा.

मग बाई खोटे बोलत होत्या का?

येथे पुष्कळ लोक घसरतात. 'मनाचा वाटा आहे' हे ऐकले की 'म्हणजे सगळे ढोंग आहे' असे ते म्हणून मोकळे होतात. हा तर्क चुकीचा आहे. पाव्हलॉव्हचा कुत्रा लाळेचे सोंग आणत नव्हता. लाळ खरी होती, ती नळीत गोळा करून मोजता येत होती. लूव्हेनच्या प्रयोगातील माणसांचा श्वास खरोखर बदलला होता. स्लॉसनच्या वर्गातील मुले लबाड नव्हती. मेंदूने धोक्याची घंटा वाजवली की डोके खरेच दुखते आणि पोट खरेच ढवळते. घंटा कोणी वाजवली, रसायनाने की आठवणीने, हा संशोधनाचा प्रश्न आहे. दुखणे आहे की नाही, हा प्रश्नच नाही.

शिवाय आमच्या शाळेतील रंगाच्या वासात पाणी नव्हते. तैलरंगातील टर्पेंटाइनसारखे द्रावक पदार्थ पुढे कित्येक दिवस हवेत मिसळत राहतात आणि बंद खोलीत डोळे, नाक, घसा यांना क्षोभ देऊ शकतात. बाईंचा त्रास क्षोभाचा होता, अर्धशिशीचा होता की आणखी कशाचा, हे आम्हांला माहीत नव्हते. जे माहीत नव्हते त्याला आम्ही 'सुट्टीची हौस' असे नाव दिले. हे विज्ञान नव्हते.

अशा हसण्याची किंमत मोठी असते. अटलांटाच्या पाहणीत त्रास सांगणाऱ्यांपैकी शेकडा १३.५ जणांनी सांगितले, की या त्रासामुळे आपली नोकरी गेली. आपले म्हणणे कोणी खरे मानत नाही असे वाटले की माणूस बोलणे सोडतो, लोकांत जाणे सोडतो आणि योग्य उपचारही टाळतो. कित्येकदा मुळाशी दमा, अर्धशिशी असा उपचार होण्यासारखा आजार असतो आणि तो तसाच राहून जातो.

नाकावर किती विसंबावे?

उलट बाजूही पाहिली पाहिजे. वास उग्र म्हणजे धोका मोठा आणि वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजणे घातक आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे अत्यंत दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, पण बंद खोलीत तो प्राण घेतो. गटारातील हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. मात्र त्याचे प्रमाण धोकादायक झाले की तो गंधज्ञानच बधिर करतो आणि 'वास गेला' असे वाटते. तेव्हा नाक हा चांगला पहारेकरी आहे, पण तो मोजमाप करणारे उपकरण नव्हे.

ट्रंकेत कपड्यांबरोबर ठेवण्याच्या डांबराच्या गोळ्यांचा वास काहींना आवडतोही. पण जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या तान्ह्या बाळाला अशा कपड्यांत गुंडाळले, तर नॅफ्थॅलीनच्या वाफेने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. येथे अपेक्षेचा किंवा भीतीचा काहीच संबंध नाही. बाळ काय अपेक्षा करणार? एका वासाच्या बाबतीत सापडलेले उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे लावू नये, हे यातून शिकावे.

करून पाहा

तुमच्या वर्गाने स्वतःची पाहणी करावी. प्रत्येकाने घरातील आणि शेजारच्या मिळून पाच प्रौढांना पुढील तीन प्रश्न विचारावेत.

१. एखाद्या वासाचा तुम्हाला त्रास वाटतो का?
२. रोजच्या वस्तूंच्या वासाने (रंग, रॉकेल, उदबत्ती, अत्तर, फिनेल इत्यादी) तुम्हाला डोकेदुखी, खोकला, मळमळ यांपैकी काही होते का?
३. त्यामुळे तुम्ही एखादी जागा किंवा काम टाळता का?

चिठ्ठीवर नाव लिहू नका. फक्त वय, स्त्री की पुरुष, आणि तीन उत्तरे लिहा. पन्नास मुलांच्या वर्गाकडे अडीचशे चिठ्ठ्या जमतील. तिन्ही प्रश्नांचे शेकडा प्रमाण काढून फळ्यावर तीन स्तंभ काढा. भोके लहान होत जातील तसे स्तंभ उतरत जातात का, ते पाहा. मग आणखी एक गंमत करा. अर्ध्या मुलांनी दुसरा प्रश्न विचारताना कंसातील नावे वाचून दाखवावीत, अर्ध्यांनी वाचू नयेत. 'होय'चे प्रमाण बदलते का? बदलले तर का, याची चर्चा शिक्षकांबरोबर करा. तुम्ही विचारलेली माणसे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नका.

शिक्षकांना स्लॉसनचा पाण्याचा प्रयोग वर्गात करता येईल. मात्र दोन अटी पाळाव्यात. प्रयोग संपताच मुलांना खरे काय ते सांगावे आणि ज्यांना 'वास आला' त्यांची थट्टा होऊ देऊ नये. आणि कोणावरही कसोटी म्हणून खरे रसायन मुळीच हुंगवू नये. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

आमच्या शाळेत पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मुख्याध्यापकांनी आठ दिवस बाईंचे तास व्हरांड्याकडच्या, रंग न दिलेल्या खोलीत ठेवले आणि बाकीच्या वर्गांच्या खिडक्या रात्रीही उघड्या ठेवायला शिपायाला सांगितले. रुपयाचाही खर्च आला नाही. नवव्या दिवशी बाई आपल्या वर्गात परत आल्या आणि नकाशा टांगून शिकवू लागल्या. कारण सापडले नव्हते, पण उपाय सापडला होता. कारणाचा शोध चालू ठेवावा आणि तोवर खिडकी उघडावी, हे दोन्ही विज्ञानाला धरूनच आहे. तुमच्या घरी किंवा वर्गात कोणी "मला हा वास सोसत नाही" म्हणाले, तर आधी खिडकी उघडा. प्रश्न मग विचारा.